सत्तेचाळीस नंबरचा कोट

लुब्लिनमध्ये नोव्हेंबर ते मार्च
लोक आधी मला भेटतात, मग नाटकाला.
ओली लोकर, डांबरगोळ्यांचा वास, बाहीत कोंबलेले मफलर.
मी खुंटीला अडकवते, पितळी बिल्ला हातात देते.
एकोणीस वर्षं झाली. पुरतं नाटक एकही पाहिलं नाही.
माझ्या डोक्यावर जुना स्पीकर आहे,
त्यातून रंगमंच खरखरतो,
म्हणजे मी सगळी नाटकं ऐकलीत,
आंधळ्यानं जत्रा ऐकावी तशी.

बोग्ना येते तिसऱ्या घंटेच्या जेमतेम आधी,
भूमापनाच्या कॉलेजातून थेट, धापा टाकत,
बुटांना चिखल, बोटांवर शाई.
तिचं तिकीट पायरीचं. खुर्ची नाही,
बाल्कनीच्या जिन्यावर दुमडलेल्या गुडघ्यांएवढी जागा,
आणि तेवढ्यासाठी दुपारचं सूप सोडावं लागतं.
एकच नाटक तिनं पाच वेळा पाहिलं.
"तेच ते काय बघतेस गं?"
"तेच ते नसतंच," म्हणाली.
"मंगळवारी त्याच्या हातून पेला निसटला,
आणि तो वाक्य विसरून काचा वेचायला बसला.
ती बघत राहिली त्याच्याकडे, नुसती, बायकोसारखी.
लिहिलेलं नव्हतं हो ते कुठं!
आम्ही दोनशे जणांनीच पाहिलं, आणि आता ते नाही."
'आता ते नाही' म्हणताना तिचा चेहरा असा,
जसं लॉटरीत नाव निघालंय.

तिच्या कोटाचा उजवा खिसा फाटायला आलेला,
त्यात पुस्तक. यंदाचंच, कोपरे मुडपलेलं.
एकदा ते पडलं, मी उचललं,
आणि, खोटं कशाला बोलू, उघडलं.
मला वाटायचं कादंबरीत राजे असतात,
निदान डॉक्टर तरी.
इथं एक बाई होती, गोदामात पार्सलं निवडणारी,
गुडघेदुखीची, पन्नाशीची,
जिनं एक पार्सल घरी नेलं
आणि पलंगाखाली न उघडता ठेवलं.
पहिल्या अंकात मी चाळीस पानं वाचली.
स्पीकरवर कुणीतरी मेलं, मला कळलं नाही.

त्याआधी काय काय चोरून वाचलं ते सांगत नाही.
सांगते.
एक मासेविक्या, घटस्फोटाच्या सहीपाशी थांबलेला.
एक पोरगा, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभा.
पुढच्या वेळी खिशात दुसरंच पुस्तक,
तो पोरगा अजून तिथंच, गारठत असणार.

फेब्रुवारीत, रांग दारापर्यंत गेलेली,
बोग्नानं कोट काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"ते पार्सल ती उघडेल, असं वाटतं तुम्हाला?"
माझे कान तापले.
हातातला बिल्ला दोनदा पुसला.
"नाही उघडणार," मी म्हणाले,
"मीही नसतं उघडलं."
ती इतक्या मोठ्यानं हसली
की मागचे टोपीवाले गृहस्थ खाकरले.
"मग लेखिका चुकलीय," म्हणाली,
आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात!
"सांगून टाकलंस ना, कार्टे!"
तोवर तिसरी घंटा.
दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत.

खिसा चाचपला. पुस्तक होतं, तेच.
तिचं तर कधीच संपलं असणार.
ट्रॉलीबसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं,
तिच्या नाही, माझ्या पानावर.

वाचत बसले.
वर ते जुनंच नाटक, मला कानांनी पाठ:
इथं ती म्हणते, 'दार लाव',
इथं तो म्हणतो, 'लावलंय.'
ती म्हणाली, 'दार लाव.'
आणि तो बोललाच नाही.

स्पीकरची नुसती खरखर.
कुणी खोकलंही नाही.
दोनशे रिकामे कोट माझ्याभोवती लटकलेले,
सगळ्यांच्या बाह्या खाली.
काय झालं असेल?
पान एकशे बारा. त्यात बोट तसंच ठेवून
मी जिन्याकडे बघत राहिले,
मध्यंतर व्हायची वाट बघत.